अकरा तुकड्यांचा पाय चार्ट आणि वर ‘झूम करून बघा’

अकरा तुकडे! एका पाय चार्टमध्ये, म्हणजे टक्के दाखवायला तुकडे पाडलेल्या गोल आलेखात, अकरा तुकडे, त्यातले चार निळे आणि चारही एकमेकांचे सख्खे भाऊ. नावं तुकड्यांवर नाहीतच. ती उजवीकडे लेजंडमध्ये, म्हणजे कोणता रंग कशाचा हे सांगणाऱ्या यादीत, मुंगीच्या अक्षरात. बघणाऱ्याने तुकडा बघायचा, मग लेजंडमध्ये तोच निळा शोधायचा, परत गोलावर यायचं, असं अकरा वेळा. का, तर म्हणे ‘चित्र असलं की पटकन कळतं’. कोणाला कळतं हो?

कोन आणि क्षेत्रफळ डोळ्यांना नीट जोखता येत नाही. एकाच रेषेवरून निघालेल्या पट्ट्यांची लांबी मात्र बरोबर जोखता येते. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली प्रयोग करून हे दाखवलं, तरी अजून १८ आणि २१ टक्क्यांचे तुकडे शेजारी ठेवून ‘बघा फरक’ म्हणायचं! फरक दिसत नाही म्हणून मग वर आकडे चिकटवायचे. आकडे वाचूनच कळायचं असेल तर सरळ तक्ता द्या की. नाहीतर आडव्या पट्ट्या काढा, मोठीपासून लहानीपर्यंत. नाव डावीकडे, आकडा पट्टीच्या टोकाला, लेजंड आणि मागच्या रेघोट्या डिलीट. ज्या पट्टीबद्दल बोलायचंय ती रंगीत, बाकी सगळ्या करड्या. एक्सेल पहिली ओळ तळाशी टाकतं, हा त्याचा खोडसाळपणा. पण उभ्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर एक टिचकी मारली की क्रम सरळ होतो. एक टिचकी! तीही जड जाते.

त्याहून कहर म्हणजे ‘एकापेक्षा जास्त पर्याय निवडा’ अशा प्रश्नाची उत्तरं पायमध्ये कोंबणं. ६० टक्के लोकांनी एक पर्याय निवडला, ४५ टक्क्यांनी दुसरा, ३५ टक्क्यांनी तिसरा. बेरीज १४०. एक्सेल तक्रार करत नाही, गुपचूप ४३, ३२ आणि २५ चे तुकडे पाडतं. ६० चे ४३ झाले, आणि मीटिंगमध्ये माना डोलताहेत.

थ्री-डीबद्दल काय बोलावं? तिरक्या गोलात पुढचा तुकडा जाडीसकट दिसतो, म्हणून तो फुगतो. मागचा बिचारा चेपतो. थ्री-डी पट्ट्यांचं टोक मागच्या कोणत्या रेघेला लागतंय ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ते बटण कायमचं विसरा.

आणि अक्षाची चलाखी! एका वर्षी ९६, पुढच्या वर्षी ९८. वाढ जेमतेम दोन टक्क्यांची. पण उभा अक्ष ९५ पासून सुरू केला की दुसरी पट्टी पहिलीच्या तिप्पट उंच. कधी मुद्दाम, कधी एक्सेलने आपणहून ठरवलं म्हणून. अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, मिनिममच्या चौकटीत शून्य. पट्ट्या असतील तर शून्याला पर्याय नाही. रेषेच्या आलेखात वेगळा आरंभ चालतो, पण तो ठळक लिहा.

रेषेवरून आठवलं. ऑक्टोबरपर्यंतचीच विक्री हातात आहे आणि नोव्हेंबरपासून रेषा कड्यावरून उडी मारल्यासारखी शून्यावर! धंदा बुडालेला नसतो, पुढच्या महिन्यांच्या फॉर्म्युल्यात शून्य किंवा रिकामी अवतरणचिन्हं ("") बसलेली असतात. तिथे एनए फंक्शन, म्हणजे ‘आकडा उपलब्ध नाही’ सांगणारं NA(), टाका, रेषा ऑक्टोबरला थांबेल.

आकडे तर विचारूच नका. पुण्यात बसून पुण्यातल्याच लोकांना ‘२.३ मिलियन’ दाखवायचे! अक्षाच्या डिस्प्ले युनिट्समध्ये लाख मिळत नसेल तर शेजारच्या रकान्यात एक लाखाने भागा, त्याचा आलेख काढा आणि वर ‘लाख रुपये’ लिहा. शिवाय ‘विक्रीचा आलेख’ हे काय शीर्षक झालं? विक्रीचाच आहे, ते दिसतंय. ‘जूननंतर नागपूरची विक्री घसरली’ असं लिहा ना, की तेवढं म्हणायला भीती वाटते?

चार्ट पॉवरपॉइंटमध्ये चिकटवण्याचा घोळ निराळाच. नुसतं पेस्ट केलं तर बहुधा तो मूळ फाइलशी जोडलेला राहतो. मेलवर गेला की ‘एडिट डेटा’ म्हटल्यावर फाइल सापडत नाही. मग कोणीतरी शहाणा ‘एम्बेड वर्कबुक’ निवडतो, आणि चार्टच्या पोटात अख्खं वर्कबुक ग्राहकाकडे जातं, पगाराच्या शीटसकट! बाहेर पाठवायचंय ना? पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन चित्र म्हणून चिकटवा, तेही हव्या त्या आकारात आधीच करून. नंतर कोपरा धरून ताणलं की अक्षरं फुटतात.

एवढं करून शेवटी पाठवायचं कसं? स्लाइडचा मोबाइलवरून तिरका फोटो काढून, व्हॉट्सॲपवर. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवली तर जशीच्या तशी पोचते, फोटो मात्र दाबून दाबून लहान होतो. मग खाली मेसेज येतो: ‘सर्वांनी झूम करून बघावे.’ झूम केलं की सातचा एक होतो आणि आठचा ठोकळा!