टपरीवर न निघालेलं नाव

डिसेंबरात पुण्याला आले होते. मैफल संपल्यावर चहाच्या टपरीवर कलावंताला नशा लागतेच का, हा जुनाच वाद रंगला. एक काका म्हणाले, "अहो, बुवा घेतल्याशिवाय बसतच नसत. ती नशाच सुरांत उतरायची." लगेच आमचे जॅझवेडे मित्र सरसावले. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर बघा, गायिका बिली हॉलिडे बघा, ट्रम्पेटवादक चेट बेकर बघा! हेरॉईन नसतं तर हे संगीत झालंच नसतं म्हणे. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. न्यूयॉर्कला परतले तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पार्करने 1954च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं, की तीन-चार वर्षं तो रोज अकरा ते पंधरा तास वाजवत होता. आपल्याकडे याला रियाज म्हणतात. आणि भान सुटलेला पार्कर ऐकायचाच असेल तर जुलै 1946मधलं त्याचं लॉस एंजेलिसचं रेकॉर्डिंग ऐका. सॅक्सोफोन अक्षरशः चाचपडतो. ते बाजारात आणल्याचा त्याला भयंकर राग होता. 1955मध्ये तो गेला तेव्हा 34 वर्षांचा होता. डॉक्टरांना त्याचं वय पन्नास-साठ वाटलं.

टपरीवर दुसरा पक्षही होता: व्यसनी माणसाचं कौतुक कशाला, कायद्याने धडा शिकवावा. इथे तो शिकवून झाला आहे. न्यूयॉर्कच्या क्लबांत गायला पोलिसांचं परवाना-कार्ड लागे. 1947च्या शिक्षेनंतर हॉलिडेचं कार्ड गेलं आणि दारू मिळते अशा शहरातल्या कुठल्याही क्लबात तिला गाता येईना. व्यसन सुटलं नाही, रोजीरोटी तेवढी गेली. 1959मध्ये रुग्णालयात, मरणाच्या खाटेवर तिला अटक झाली. ती 44 वर्षांची होती. हे मी कितीदा वाचलं तरी घशात आवंढा येतो.

पार्करसारखं वाजवायचं म्हणून त्याच्यासारखी सुई टोचून घेणाऱ्या पोरांत न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सही होता. ते कळल्यावर पार्कर फार दुखावला. 1955मध्ये रोलिन्स केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचारांना गेला. व्यसनातून सुटलो की पार्करला सांगायचं, ही आस होती. ते सांगायचं राहून गेलं. त्याआधीच पार्कर गेला.

बाहेर आल्यावर रोलिन्सला साथ मिळाली ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनची. ब्राउन व्यसनांपासून दूर राहणारा आणि वाजवायचा असा, की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा. स्वच्छ राहूनही उत्तम वाजवता येतं, हे त्याच्याकडे बघून कळलं, असं रोलिन्स पुढे सांगत असे. 1959 ते 1961 रोलिन्सने मैफली बंद ठेवल्या आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर तासन्‌तास रियाज केला. मी त्या पुलावरून चालत जाते तेव्हा शेजारून मेट्रो धडधडत जाते, आपलंच बोलणं ऐकू येत नाही. त्या गोंगाटात तो सूर लावत होता.

ब्राउन 1956मध्ये मोटार अपघातात गेला, अवघ्या 25व्या वर्षी. त्याच्या नावावर रंगवून सांगावा असा एकही किस्सा नाही. टपरीवर त्या रात्री दोन तास जॅझ चालला होता, पण त्याचं नाव कोणाच्याच तोंडून निघालं नाही.