दगड वितळला, पण ऐकलं कुणी?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की राग येण्याचं कारण म्हणजे त्यातलं निम्मं खरं आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून सुटका करून घेण्याऐवजी सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: संगीत हाच कथेचा कणा असलेल्या माझ्या आवडत्या दहा चित्रपटांबद्दल मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. यादीत 'बैजू बावरा' नाही, म्हणजे 'देव्हारा आहे पण देव नाही'. 'अमेडियस' इतिहासाच्या नावाने धडधडीत खोटं सांगतो, तरी तो पहिल्या क्रमांकावर. 'द डिसायपल' म्हणजे 'एका बेसुऱ्या माणसाची रडकथा'. 'व्हिपलॅश' वगळण्यामागे वयाचा दोष दिसतो (माझ्या!). आणि 'जलसाघर'चं संगीत सत्यजित राय यांचं नाही, उस्ताद विलायत खाँ यांचं आहे.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे वादच नाही. चूक माझी. राय पुढे आपल्या चित्रपटांना स्वतः संगीत देऊ लागले, ते डोक्यात होतं आणि 1958चा चित्रपट त्याच हिशेबात लिहून मोकळा झालो. दुरुस्ती केली आहे.

आता 'बैजू बावरा'. तुम्हाला वाटलं मी विसरलो. विसरलो नव्हतो, काढला होता. नौशाद यांच्या संगीताबद्दल माझी काही तक्रार असेल असं कृपया समजू नका. 'मन तडपत हरिदर्शन को' ऐकून ज्याला काही होत नाही त्याच्याशी मी या विषयावर बोलतही नाही. माझी अडचण शेवटच्या स्पर्धेत आहे. तानसेन आणि बैजू समोरासमोर बसतात, राग देसी सुरू होतो. तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा, बैजूचा पंडित द. वि. पलुसकरांचा. 1952 साली एका हिंदी चित्रपटात हे दोन गळे एकमेकांना उत्तर देत आहेत, याहून मोठं नाट्य कुठलं हवं? पण निकाल लागतो कशावर? संगमरवर वितळतो त्यावर. म्हणजे दरबार भरलेला, बादशहा बसलेला, आणि कोण चांगलं गायलं हे ठरवायला दगड लागतो! मला तर नेहमी वाटतं, अमीर खाँसाहेब हरले हे प्रेक्षकांना पटवायचं तर दगड वितळवण्यावाचून दुसरा उपायच नव्हता.

गंमत सोडा, पण तुम्ही विचारलेला निकष नेमका इथेच आहे. 'आपल्याकडे प्रत्येक चित्रपटात गाणी असतात, मग संगीतप्रधान म्हणायचं कशाला?' या तुमच्या प्रश्नाला मूळ लेखात मी नीट उत्तर दिलं नव्हतं. माझं उत्तर असं: कुणीतरी काहीतरी ऐकतं आणि त्या ऐकण्यामुळे गोष्ट वळते, तो संगीताचा चित्रपट. गाणारे पडद्यावर पुष्कळ असतात. ऐकणारा माणूस दाखवणारे दिग्दर्शक फार थोडे.

'अमेडियस' मला आवडतो तो याचसाठी. सुरुवातीलाच मोत्सार्टचा समकालीन संगीतकार, म्हातारा सालिएरी, धर्मगुरूला स्वतःच्या दोन चाली वाजवून दाखवतो. धर्मगुरू कसनुसं हसतो, त्याला एकही ओळखता येत नाही. मग सालिएरी तिसरी चाल सुरू करतो आणि धर्मगुरू खुशीत पुढचं गुणगुणू लागतो. ही तुमची आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणतो. ती मोत्सार्टची असते. दोन मिनिटांत एका माणसाचं अख्खं आयुष्य कळतं, तेही समोरचा काय ऐकतो एवढ्यावरून.

आणि तो हस्तलिखितांचा प्रसंग. मोत्सार्टची बायको नवऱ्याचे कागद घेऊन आली आहे. सालिएरी पानं उलटतो आणि प्रत्येक पानासरशी आपल्या कानात नवं संगीत सुरू होतं. खोलीत कुणीही काही वाजवत नाहीये. तो नोटेशन वाचतोय, म्हणजेच ऐकतोय. मूळ प्रती, आणि कुठे खाडाखोड नाही. शेवटी हातातली चोपडी निसटते आणि पानं जमिनीवर विखुरतात. ईर्ष्या आणि भक्ती एकाच चेहऱ्यावर इतकी जवळजवळ बसलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मोत्सार्टचं मोठेपण मोजायला दगड नाही, सालिएरीचा कान आहे.

इतिहासाचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. 'रेक्विएम' (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) मोत्सार्टकडून लिहून घेणारा खरा माणूस काउंट वालसेग होता, बुरखा घातलेला सालिएरी नव्हे. खऱ्या सालिएरीने तर पुढे मोत्सार्टच्याच धाकट्या मुलाला शिकवलं. बेथोवेन आणि शुबर्टही त्याच्याकडे शिकले. त्या बिचाऱ्यावर अन्यायच झालाय, आणि तो 1984 पासूनचा नाही. रशियन कवी पुश्किनने 1830 मध्येच त्याला विषप्रयोग करणारा करून ठेवलं होतं. पण एक शंका विचारतो. यादीतल्या 'द पियानिस्ट'बद्दल तुम्ही हा आक्षेप का घेतला नाहीत? महायुद्धात पडक्या घरात लपलेला पियानोवादक श्पिलमान जर्मन अधिकाऱ्यासमोर संगीतकार शोपँचं बॅलड वाजवतो. त्याने स्वतः आठवणींत लिहिलंय ते शोपँचंच, पण नॉक्टर्न, म्हणजे वेगळीच रचना. बदल लहान आहे, मान्य. तरी बदल का केला असेल हे कळतं: बॅलड चाचपडत सुरू होतं आणि मग उसळतं, त्यामुळे त्या अधिकाऱ्याला खुर्चीत बसून ऐकायला वेळ मिळतो. त्या ऐकण्यावर एक जीव तगतो. तिथे मी तारीखवार हिशेब मागत नाही.

ड्रम शिकणाऱ्या मुलाच्या 'व्हिपलॅश'ला वगळलं ते वयामुळे नव्हे. वय झालंय हा भाग वेगळा. चित्रपट थरारक आहे, त्याचं संकलन तर कुणीही धडा म्हणून बघावं. पण मला तो खेळावरचा चित्रपट वाटतो. लय पुढे जातेय की मागे पडतेय, एवढाच प्रश्न; हात रक्ताळतात, घाम झांजेवर उडतो. त्या अख्ख्या वर्गात संगीत ऐकून कुणाला आनंद झालाय असं एकदा तरी दिसतं का? शिक्षक फ्लेचरचा कान तयार आहे, पण त्याने त्या कानाचा चाबूक केलाय. आणि इतिहासाच्या खोटेपणाचाच राग असेल तर हेही घ्या: ड्रमवादक जो जोन्सने सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज फेकून मारली, ही फ्लेचरची आवडती गोष्ट. प्रचलित हकिगतीत झांज पार्करच्या पायाशी पडते. डोकं आणि पाय यांत गुरू आणि गुंड यांच्याइतकाच फरक आहे.

राहता राहिला 'द डिसायपल'. इथे मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही. त्याचा नायक, शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर, बेसुरा नाही हो. पुन्हा बघा, वाटल्यास पडद्याकडे पाठ करून ऐका. सूर जागेवर आहे, तान दाणेदार आहे, मेहनत तर शब्दाशब्दांत आहे. सूर लागतो, पण गाणं लागत नाही. हे दाखवणं बेसुरा नायक दाखवण्यापेक्षा शंभरपट अवघड. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांना ते जमलं, कारण शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघंही मुळात गाणारे आहेत. ओठ हलवणाऱ्या नटाकडून हे होत नाही.

मी स्वतः पाच वर्षं गाणं शिकलो आणि सोडलं. आमच्या गुरुजींकडे पहिले काही महिने मी बहुतेक वेळ तानपुराच जुळवला. मी म्हणायचो जुळला, ते डोळे न उघडता म्हणायचे, पंचम चढा आहे. तारेतला मणी इकडे सरकव, तिकडे सरकव, पुन्हा चढा. एके दिवशी मला खरंच ऐकू आलं की तो चढा आहे. तेवढा एक आनंद माझ्या खात्यात जमा आहे. त्यामुळे 'द डिसायपल'ची सुरुवात मला आत कुठेतरी लागते: गुरुजी गाताहेत, मागे तानपुऱ्यावर शरद, आणि कॅमेरा अगदी सावकाश शरदकडे सरकतो. त्याला सगळं ऐकू येतंय. आपल्याला ते गाता येणार नाही, हेही हळूहळू ऐकू येणार आहे. तुम्ही याला रडकथा म्हणालात. शेवटी रेल्वेच्या डब्यात गात येणारा तो माणूस आणि त्याच्याकडे बघणारा शरद आठवा. कुणी रडतंय का तिथे?

'जलसाघर'बद्दल तुम्ही चूक काढलीत पण चित्रपट आवडतो असंही लिहिलंत, म्हणून एक जागा सांगतो. बाहेर वादळ, आत मैफल, बायको-मुलगा नावेतून परततायत. गाणं रंगात आहे आणि जमीनदाराची नजर पेल्यात तडफडणाऱ्या किड्यावर खिळते. त्या क्षणापासून त्याला गाणं ऐकू येत नाही. गाणारा गातोच आहे. संगीत चालू असताना ऐकणं बंद पडलेलं मी पडद्यावर तेवढंच पाहिलं.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर 'बैजू बावरा'ची स्पर्धा पुन्हा लावली. या वेळी डोळे मिटून. दरबार नाही, दगड नाही, फक्त देसी. पलुसकर त्यानंतर जेमतेम तीन वर्षं जगले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले, हे मनात होतंच. संपल्यावर काही वेळ दुसरं काही लावावंसं वाटलं नाही.

तेव्हा यादी आता अकराची केली आहे. अकराव्या नावापुढे कंसात सूचना आहे: शेवटची दहा मिनिटं पडद्याकडे बघू नये.