'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्तेसाहेब,

सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात (फुफ्फुसात घट्ट कफ साचतो तो) आपल्याच पांढऱ्या पेशी फुफ्फुस कसं पोखरतात, या माझ्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. या आजाराचं जनुक सापडल्याचं साल मी चुकवलं, मान्य. 1988 नव्हे, 1989. दुरुस्त केलंय, आभार. चूक दाखवली की मी चिडत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

चिडलो ते या वाक्यावर: "जंतू आले म्हणून पेशी आल्या, आग लागल्यावर बंबवाल्यालाच पकडायचं, हे लॅबमध्ये नळ्या धुणाऱ्यांनाच सुचू शकतं."

नळ्या मी धुतल्या आहेत. पहिली दोन वर्षं तेच काम होतं, आणि त्यात लाजायचं काय ते तुम्हीच सांगा. पुढची चोवीस वर्षं पुण्यात थुंकीचे नमुने पाहिले. नऊ वर्षांच्या एका मुलाचा नमुना अजून डोळ्यांसमोर आहे. डबीत हिरवट गोळा. लूपने (नमुना उचलायच्या कडीने) उचलायला गेलो तर डिंकासारखी तार आली, तुटता तुटेना. काचेवर पातळ थर (स्मिअर) धड पसरेना. जंतू दिसावेत म्हणून ग्रॅम स्टेनने रंगवून पाहिलं तर जंतू शोधावे लागले. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा मात्र खच, निम्मे फुटलेले, त्यांच्या केंद्रकांचे धागे स्लाइडभर ओढले गेलेले. त्या पोराला तोवर दोनदा टीबीची औषधं देऊन झाली होती. कुठे, ते सांगत नाही.

ती तार कशाची, हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार! इतरांसाठी सांगतो. फुटलेल्या न्यूट्रोफिलच्या डीएनएची. कफाचा हिरवा रंग जंतूंचा असं सगळे धरून चालतात. तो बराचसा याच पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या हिरव्या एन्झाइमचा असतो. 1993 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉर्नेज अल्फा हे औषध एकही जंतू मारत नाही. ते हे डीएनए कापतं, म्हणून कफ सुटतो. बंबवाल्यांनी टाकून दिलेल्या पाइपांच्या गुंत्यातून घर सोडवायला वेगळं औषध लागतं, साहेब.

आणि इलॅस्टेज. न्यूट्रोफिल हे एन्झाइम जंतूंसाठी बाळगतो. थोडं सांडलं तर अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे शरीरातलं प्रथिन त्याला आवरतं. पण या आजारात इतकं सांडतं की आवरणारं पुरं पडत नाही. मग श्वासनलिकेच्या भिंतीतलं इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन तुटतं आणि नलिका सैल पडून कायमच्या फुगतात. वर इलॅस्टेज अस्तराच्या पेशींना आयएल-8 हे संदेश देणारं प्रथिन सोडायला लावतं. आयएल-8 म्हणजे आणखी न्यूट्रोफिलांना आवतण. आणि जंतूला धरण्यासाठी न्यूट्रोफिलच्या अंगावर जे ग्राही असतात, त्यातलेही काही हेच छाटतं. म्हणजे बंबवाल्याच्या डोळ्यांवर पट्टी आणि हातात कुऱ्हाड. पकडू नको तर काय करू?

ऑस्ट्रेलियात हा आजार असलेल्या 127 बाळांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या बाळांच्या फुफ्फुसात सलाइन सोडून परत खेचलं, त्यात ज्यांच्याकडे इलॅस्टेज सक्रिय सापडलं, त्यांच्या नलिका तिसऱ्या वर्षी फुगलेल्या असण्याचा धोका जास्त निघाला. तीन महिन्यांची बाळं! जंतूंचा काही संबंध नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा, या वेळी चष्मा लावून.

उरलेल्या आक्षेपांबद्दल थोडक्यात. सूज कमी करणाऱ्या आयब्युप्रोफेनचा उल्लेख तुम्हाला 'बेजबाबदार' वाटला. 1995 ची ती चाचणी रक्तातली पातळी मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाली होती, हे मी तिथेच लिहिलं होतं. ल्यूकोट्राइन (न्यूट्रोफिलांना बोलावणारं रसायन) अडवून न्यूट्रोफिलांना रोखायला गेलेली चाचणी मधेच बंद करावी लागली, औषध घेणाऱ्यांचा आजार उलट जास्त बळावला, हे खरं आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय, इथे फाटे फोडत नाही. या आजारावरच्या 2019 च्या तीन औषधांच्या गोळीवर एकच ओळ का? कारण लेख तिच्यावर नव्हता.

'डॉक्टर नसताना लिहू नये' याला उत्तर देणार नाही.

तुमची ही प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. रात्री पावणेबाराला टाकलेली दुसरी, ज्यात माझ्या पेन्शनपर्यंत पोहोचलात, ती काढून टाकली.