आठव्या वचनावर थांबलेली मुलगी

आज पहाटेपासून डोकं भणभणतंय. सणाच्या दिवशी कोणाबद्दल कडू लिहू नये, कळतं मला. पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

दरवर्षीसारखी ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होती. साडेपाचची वेळ, हातात मेणबत्त्या, कबरींना नवा चुना, झेंडूच्या माळा. शास्त्रपाठ एका मुलीकडं दिला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आवाज बारीक, पण एकेक शब्द स्वच्छ. बायबलातलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं सांगितलेली येशूची कथा, त्यातला अध्याय १६. पहिल्या वचनापासून ती आठव्यापर्यंत आली. 'येशू उठला आहे, जाऊन शिष्यांना सांगा' असं ऐकून तीन बायका त्याच्या कबरेपासून पळाल्या, थरथरत होत्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. एवढं वाचून तिनं बायबल मिटलं.

अशी शांतता पसरली की मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू आली. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात मागून मंडळीतल्या एका ज्येष्ठांचा आवाज. "अगं, पुढं वाच की! सणासुदीला भीतीवर काय थांबतेस? अर्धवट!" पोरीनं पुन्हा बायबल उघडलं. पान सापडेना. हात कापत होते. शेवटी तिच्याकडून विसाव्या वचनापर्यंत वाचून घेतलंच. आणि मग संदेशात चांगली दहा मिनिटं ऐकावं लागलं, की या तिघी अविश्वासू निघाल्या, सोपवलेलं काम त्यांनी केलं नाही, आपण त्यांच्यासारखं होऊ नये.

माझी आई शेजारी खुर्चीवर होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. तिनं का धरला ते मला ठाऊक होतं, म्हणून हे लिहितेय.

१९८६ च्या जुलैमध्ये माझे बाबा गेले. मी पाचवीत होते. शुक्रवारी दुपारी माती दिली. शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला. रविवारी उजाडायच्या आत आई, मोठी काकू आणि आत्या फुलं घेऊन कबरस्तानात निघाल्या, आणि मी हट्टानं त्यांच्या मागं. आई सगळ्यांच्या पुढं होती. कबरेपाशी पोचली, वाकली, आणि एकदम मागं फिरून पळत सुटली. माझ्या जवळून गेली, पण मी तिला दिसलेच नाही. चिखलात तिची एक चप्पल रुतून राहिली. पदर सुटला होता. माझी आई, जी कधी घाईनंसुद्धा चालत नसे!

काकूनं जाऊन पाहिलं. पावसानं माती खचली होती. डोक्याच्या बाजूला हातभर खड्डा पडला होता आणि लाकडी क्रूस कलंडला होता. एवढंच. आई घरी येऊन भिंतीशी बसली आणि दिवसभर तिनं कोणाशी चकार शब्द काढला नाही.

आता सांगा, कबरेपासून पळणाऱ्या बाईला अविश्वासू म्हणणाऱ्यांनी कबर कधी जवळून पाहिलीय का?

मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांत मार्कचं सगळ्यात जुनं. साधारण सन ७० च्या आसपासचं. तो काळ डोळ्यांपुढं आणा. ६४ मध्ये रोम जळलं आणि नीरोनं ख्रिस्ती लोकांवर आळ घेऊन त्यांचे हाल हाल केले. ७० मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं. अशा दिवसांत हे पुस्तक लिहिलं गेलं, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसं जीव मुठीत धरून जगत होती. पुस्तकात लेखकाचं नाव नाही. हिरापोलीसचा बिशप पापियास यानं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं, की मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाष्या, पेत्राला जे आठवलं ते त्यानं नीट लिहून घेतलं, फक्त क्रमानं नाही. हे तंतोतंत खरं मानायला बरेच अभ्यासक तयार नाहीत, असो. मला मात्र 'आठवेल तसं सांगितलेलं' हे पानोपानी जाणवतं. तो दमच खात नाही. 'लागलीच, लागलीच' हा शब्द चाळीसएक वेळा येतो. मधेच येशूच्या तोंडचे अरामी शब्द जसेच्या तसे ठेवतो. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीला 'तलीथा कूम', बहिऱ्या माणसाला 'एफ्फाथा'. आणि लगेच अर्थही सांगतो, कारण ऐकणाऱ्यांना अरामी येत नव्हती. आपल्या माणसाचे शेवटचे शब्द आपण त्याच्याच बोलीत सांगतो ना, तसं. क्रूसावरची हाकही त्यानं अरामीतच ठेवली. 'एलोई, एलोई, लमा सबख्थानी.' माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? लूक आणि योहान यांनी ती हाक घेतलीच नाही.

आणि हा मार्क आठव्या वचनावर थांबतो. हे त्या पोरीच्या मनाचं नव्हतं हो! नव्या कराराच्या सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखित प्रती, व्हॅटिकनस आणि सिनायटिकस, दोन्ही चौथ्या शतकातल्या. दोन्हींत मार्क इथंच संपतो. त्याच शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो, की चांगल्या प्रतींत पुढचा मजकूर नाही. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोमही तेच सांगतो. नऊ ते वीस ही वचनं नंतरच्या हातानं जोडलेली आहेत. ग्रीक वेगळं, शब्द वेगळे. मग्दालीया मरीयेची ओळख तर अशी पुन्हा करून दिलीय, जणू आताच आठ वचनांपूर्वी ती कबरेपाशी उभी नव्हतीच. आजच्या बऱ्याच आवृत्त्यांत तिथं कंस असतो किंवा तळटीप असते. ती वाचायची तसदी कोणी घेत नाही आणि एका मुलीला चारचौघांत अर्धवट म्हणतात!

हो, इरेनियस या बिशपनं सन १८० च्या सुमारास त्या जोडलेल्या भागातलं एक वचन मार्कचं म्हणूनच दिलंय, म्हणजे तोही भाग जुनाच. आणि शेवटचं पान फाटून हरवलं असेल असंही काही जण म्हणतात. असेल. पण आपल्या हातात आहे ते पुस्तक इथं संपतं, आणि मला ते इथंच संपायला हवं आहे.

ग्रीकमध्ये त्याचा शेवटचा शब्द 'गार' आहे. 'कारण' असा त्याचा अर्थ, पण तो वाक्याच्या सुरुवातीला कधी येत नाही, मागून येतो. इंग्रजीत तो मागं ठेवता येत नाही. आपल्या मराठीत मात्र चपखल बसतो. 'कोणाला काही बोलल्या नाहीत. घाबरल्या होत्या ना.' हा 'ना' मोठ्यानं म्हणून बघा. त्यात आरोप नाही. शेजारीण शेजारणीची बाजू सांभाळून घेते तसा तो 'ना' आहे. 'अशा शब्दावर पुस्तक कधी संपतं का?' म्हणणाऱ्यांनी जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर उघडावं. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहामाची बायको सारा हसते आणि मग 'मी हसले नाही' म्हणते. तिथलं वाक्य असंच संपतं. घाबरली होती ना. तीही बाईच, आणि तिच्याही पुढ्यात देवानं अशक्य गोष्ट आणून ठेवली होती.

त्या दिवशी आमच्या घरीही काकू हेच म्हणाली होती. आलेगेले विचारत, वहिनी बोलत का नाहीत? काकू म्हणायची, घाबरलीय ना ती. बस्स. कोणी पुढं विचारलं नाही. चार दिवसांनी काकूनं ती चप्पल धुऊन दाराशी आणून ठेवली. आईनं ती पायात कधी घातली नाही आणि टाकूनही दिली नाही.

बरं, अविश्वासाचाच हिशेब मांडायचा तर मार्ककडूनच घ्या. १४व्या अध्यायात येशूला धरल्यावर सगळे शिष्य त्याला सोडून पळाले. सगळे! एक तरुण तर अंगावरचं तागाचं वस्त्र पकडणाऱ्यांच्या हातात सोडून उघडाच पळाला. हे फक्त मार्क सांगतो. (मला तिथं दर वेळी चिखलातली चप्पल दिसते.) पेत्रानं येशूची ओळख तीनदा नाकारली. क्रूसापाशी कोण होतं? लांबून का होईना, बायका. कुठं ठेवलं हे कोणी पाहिलं? बायकांनी. धोंड कोण लोटेल याची काळजी करत, तरीही सुगंधी द्रव्यं घेऊन कोण गेलं? मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. पळून गेलेल्यांवर पुढं मंडळ्या उभारल्या आणि शेवटपर्यंत थांबलेल्या तिघींवर आज माझ्या बाबांच्या कबरेपासून वीस पावलांवर ताशेरे. मला हे सहन होत नाही.

ही तक्रार फार जुनी आहे म्हणा. मत्तयापुढं मार्कचं पुस्तक होतं, त्यातला बहुतेक मजकूर त्यानं घेतला. पण इथं आल्यावर त्याच्यानंही राहवलं नाही. त्याच्या बायका भीतीनं आणि मोठ्या आनंदानं धावत जाऊन सांगायला निघतात. आनंद त्यानं घातला. लूकमध्ये त्या सांगतात, आणि प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटते. (हे मात्र आजही तसंच आहे.)

मार्कच्या मनात काय होतं हे कळायला त्याचं पुस्तक एका बैठकीत वाचावं. सगळे मिळून १६ अध्याय, दोन तासांत होतं. त्यात येशू सारखा 'कोणाला सांगू नका' म्हणतो. कुष्ठरोग्याला, याईराच्या घरच्यांना, शिष्यांना, भुतांनासुद्धा. विल्यम व्रेडे या जर्मन अभ्यासकानं १९०१ मध्ये यावरच पुस्तक लिहिलं, तेव्हापासून 'मसीहाचं गुपित' हा शब्दच पडून गेला. आणि लोक काय करतात? जितकं नको म्हणावं तितकं गावभर सांगतात. चमत्कार पाहून जयजयकार करणाऱ्या कोणाला तो नीट कळत नाही. 'हा खरोखर देवाचा पुत्र होता' असं पहिल्यांदा एका माणसाच्या तोंडून येतं, ते रोमी शताधिपतीच्या, आणि तेही त्याला मरताना पाहून. मार्कची अख्खी श्रद्धा त्या एका जागी आहे. त्याचा देव क्रूसावर ओळखू येतो, हरल्यासारखा दिसत असताना. मग शेवटी, पुस्तकभर 'सांगू नका' ऐकल्यावर, आज्ञा येते, 'जा, सांगा.' आणि त्या बोलू शकत नाहीत.

हे लिहिणाऱ्याला माणूस कळत होता. मोठी गोष्ट घडली की वाचा बसते. जिची बसत नाही, तिला ती गोष्ट अजून कळलेली नसते.

आणि बायकांना कबरेत दिसलेला पांढऱ्या झग्यातला तरुण काय सांगतो? येशू तुमच्याआधी गालीलात जातोय, तिथं तुम्हाला दिसेल. गालील म्हणजे जाळी, होड्या, पेत्राच्या सासूचा ताप, जिथून सगळं सुरू झालं तो घरचा मुलूख. मार्कच्या पुस्तकाचा पहिला शब्दच 'प्रारंभ' आहे. म्हणजे भीती वाटली तर घरी जा, तो आधीच तिथं आहे. निरोपात पेत्राचं नाव मुद्दाम घेतलंय, ज्यानं नाकारलं त्याचं. रागावलेला देव असा निरोप देईल का?

नऊ ते वीसवर माझा राग नाही. खरं तर 'सर्व जगात जाऊन सुवार्तेची घोषणा करा' हे तिथलंच वचन. त्याच्यावर विसंबून १८३१ मध्ये अमेरिकन मिशनरी नगरला आले आणि म्हणून आज माझ्या हातात बायबल आहे. हे ऋण आहेच. पण त्याच भागात साप हाती धरतील, विष प्याले तरी बाधणार नाही असंही आहे, आणि अमेरिकेच्या डोंगराळ भागात ते शब्दशः घेऊन माणसं खरोखर साप डसून मेलीत. भीती वाटणं म्हणजे अविश्वास, असं शिकवलं की असं होतं. आपल्याकडं साप नसतील. आपल्याकडं नवरा गेलेल्या बाईला तिसऱ्या दिवशी 'साक्ष द्या, ताई, रडू नका' म्हणतात.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ते ज्येष्ठ वाईट माणूस नाहीत. बाबांची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तेही होते. त्यांना सणाच्या दिवशी सगळ्यांनी आनंदात असावं असं वाटलं असेल. पण पोरीला असं बोलायला नको होतं.

आई त्या रविवारबद्दल बोलली ती २२ वर्षांनी, माझ्या मुलीच्या बारशाच्या आदल्या रात्री, लसूण सोलत असताना. मी सहज विचारलं, तेव्हा तू माती खचलेली बघून घाबरलीस ना? ती म्हणाली, "माती खचलीय हे मला काकूनं सांगितल्यावर कळलं. मला वाटलं, ते उठले." मी गप्प. ती लसणाची पाकळी हातात धरून बसली. मग म्हणाली, "रात्रभर मी तेच मागत होते देवाकडं. आणि उठलेत असं वाटलं तेव्हा मला आनंद नाही झाला गं. मी पळाले."

आज दुपारी ती जेवली नाही. चार वाजता मला म्हणाली, त्या पोरीला फोन लाव. मुलीचा आवाज रडून बसलेला होता. "काकू, मला आठपर्यंतच लिहून दिलं होतं हो," असं तीनदा म्हणाली. मी फोन आईकडं दिला.

आई म्हणाली, "बाळा, बरोबर थांबली होतीस तू. उद्या संध्याकाळी घरी ये. माझे डोळे आता पुरत नाहीत. मला पहिल्यापासून वाचून दाखव, आणि आठव्याला थांब."

उद्या ती येणार आहे. आईनं आत्ताच शेवया काढून ठेवायला सांगितल्यात.