रिअ‍ॅक्ट नाही म्हणून डीस्पेस नको? त्या फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: अँगुलर (वेब-पानं बांधण्याचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) मेलेलं आहे, म्हणून डीस्पेसचा (प्रबंध-लेख साठवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नवा इंटरफेस घेऊ नका. रिअ‍ॅक्ट (अँगुलरसारखंच दुसरं साधन) येणारी मुलं मुंबईत ढिगाने मिळतात, तेव्हा आपला इंटरफेस आपणच बांधून घ्या. नाहीतरी ब्राउझरमध्ये घडणारी पानं गूगल स्कॉलरला दिसत नाहीत. आणि जुना इंटरफेस उत्तम चालत होता, तो उगाच बदलला. मी महाविद्यालयांच्या रिपॉझिटरींचं (प्रबंध-लेखांच्या डिजिटल भांडारांचं) तांत्रिक काम पाहतो. नॅक मूल्यांकनाच्या तयारीत असलेल्या दोन ग्रंथालयांनी हा संदेश वाचून ठरलेलं काम थांबवलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अँगुलर मेलं.’ मेलं ते अँगुलरजेएस, म्हणजे जुनं अँगुलर. त्याचा पाठिंबा 2021 अखेर थांबला. सप्टेंबर 2016 मध्ये आलेलं अँगुलर 2 हे नव्याने लिहिलेलं वेगळं फ्रेमवर्क आहे. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या डीस्पेस 7 चा इंटरफेस या दुसऱ्यावर उभा आहे. या नव्या अँगुलरची साधारण दर सहा महिन्यांनी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला सुमारे दीड वर्ष पाठिंबा मिळतो. खरी अडचण इथे आहे: ते थांबलेलं नाही, फार भरभर पळतं. डीस्पेस 7.6 अँगुलर 15 वर होतं, डीस्पेस 8 अँगुलर 17 वर गेलं. या उड्या जगभरचे डीस्पेसचे लोक मिळून मारतात आणि आपल्याला तयार आवृत्ती मिळते. आपल्या वाट्याला उरतं ते वेळेवर अपग्रेड करणं आणि आपली थीम (रंगरूप) नव्या आवृत्तीवर बसवणं. हे कामही कमी नाही. निविदा काढताना त्यासाठी वार्षिक तरतूद ठेवा.

‘रिअ‍ॅक्टची मुलं मिळतात, स्वतःचं बांधा.’ मुलं मिळतात हे खरं आहे, पण ती टिकत नाहीत. पवई-ऐरोलीच्या कंपन्या जो पगार देतात तो अनुदानित महाविद्यालय देऊ शकत नाही. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी प्रकल्प म्हणून सुंदर मुखपृष्ठ आणि शोधाची खिडकी करून देतो, आणि निकाल लागला की जातो.

शिवाय संदेश लिहिणाऱ्याने इंटरफेस म्हणजे वाचकाला दिसणारी चार पानं एवढंच धरलं आहे. वाचकाला न दिसणारा भाग त्याहून मोठा असतो. प्रबंध जमा करण्याचा टप्प्याटप्प्याचा फॉर्म, मार्गदर्शकाने तपासून परत पाठवण्याची सोय, कोणत्या संग्रहात कोणाला काय करता येईल याचे अधिकार, दोन वर्षं बंद ठेवायच्या फाइलवरचा निर्बंध, मागे घेतलेल्या नोंदीचं ठिकाण, आकडेवारी, शेकडो नोंदी एकदम बदलणं. हे सगळं डीस्पेसच्या इंटरफेसमध्ये तयार आहे. स्वतःचा बांधायला घेतलात की यातलं प्रत्येक काम तुमच्या अंगावर येतं, आणि मागच्या बाजूचा रेस्ट एपीआय (इंटरफेस ज्यातून सर्व्हरशी बोलतो तो दुवा) बदलला की तेही तुम्हीच निस्तरायचं. बहुतेक महाविद्यालयांना हवं असतं ते बोधचिन्ह, रंग, मुखपृष्ठावरचा मजकूर आणि मेटाडेटाचे (नोंदीच्या माहितीचे) दोन-चार जादा रकाने. रंगरूप थीममध्ये बदलतं. जमा करण्याच्या फॉर्ममधले रकाने तर सर्व्हरकडच्या फाइलमध्ये ठरतात, तिचा अँगुलरशी संबंधच नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो. ‘रिअ‍ॅक्ट फुकट आहे, काळजी कसली’ असंही त्या संदेशात आहे. 2017 मध्ये रिअ‍ॅक्टच्या परवान्यातल्या पेटंटविषयक कलमामुळे अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने आपल्या प्रकल्पांना ते वापरायला मनाई केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते बनवणाऱ्या फेसबुकने परवाना बदलून एमआयटी हा मोकळा परवाना केला आणि प्रश्न मिटला. आज रिअ‍ॅक्ट घ्यायला हरकत नाही. रिअ‍ॅक्ट वाईट आहे असं मी म्हणतच नाही. झेनोडो ही संशोधनाची रिपॉझिटरी ज्यावर चालते त्या इन्व्हेनिओ आरडीएम या सॉफ्टवेअरमध्ये तेच वापरलं आहे, आणि तेही सगळीकडे नाही, जिथे गरज आहे तिथेच. पण परवाना वाचल्याशिवाय काही घेऊ नये, हे ग्रंथपालांना तरी वेगळं सांगायला नको.

‘गूगल स्कॉलरला दिसत नाही.’ हा मुद्दा खरा असता तर तो संदेशातल्या रिअ‍ॅक्टलाही तितकाच लागू झाला असता, कारण रिअ‍ॅक्टही ब्राउझरमध्येच पान घडवतं. दोन्हींवर उपाय एकच: पान आधी सर्व्हरवर घडवून पाठवायचं (सर्व्हर-रेंडरिंग). डीस्पेस 7 पासून ही सोय अंगभूत आहे. गूगल स्कॉलर पानाच्या सोर्समध्ये शीर्षक, लेखक, प्रकाशनाची तारीख आणि पीडीएफचा पत्ता सांगणारे ठरावीक मेटा टॅग शोधतं. ते सर्व्हरकडून आलेल्या एचटीएमएलमध्ये असले की झालं.

तपासणी सोपी आहे. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करा आणि कुठल्याही प्रबंधाचं पान उघडा. शीर्षक आणि सारांश वाचता आला पाहिजे, ‘व्ह्यू सोर्स’मध्ये ते टॅग दिसले पाहिजेत. व्हेंडरचा डेमो बघताना हे त्याच्यासमोर करून पाहा. कोरं पान आलं तर त्याने सर्व्हर-रेंडरिंग बंद ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा सर्व्हरची मेमरी वाचवायला. ती मेमरी मात्र खरंच लागते. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट एकाच वेळी हजारो पानं मागतात आणि रेंडरिंगचा भार असह्य होतो. नव्या आवृत्त्यांनी शोधाची पानं वगळून गरजेच्या पानांपुरतंच सर्व्हर-रेंडरिंग ठेवलं आहे ते यासाठीच. जावास्क्रिप्टचा बोजा फोनवर जड जातो ही तक्रारही मला मान्य आहे. कुर्ला ते वाशी लोकलमध्ये नेटवर्क जात-येत असताना प्रबंध उघडणाऱ्या विद्यार्थ्याला निदान सर्व्हरवरून आलेला सारांश आधी दिसतो, तो हक्क त्याच्याकडून काढून घेऊ नका.

‘जुना इंटरफेस चांगला होता.’ जुने दोन होते, जेएसपीयूआय आणि एक्सएमएलयूआय. प्रत्येक नवी सोय दोनदा लिहावी लागे. एक्सएमएलयूआय अपाची कोकून या जुन्या फ्रेमवर्कवर उभा होता आणि कोकूनचं काम करणारे लोक हळूहळू पांगले. डीस्पेस 6 चा पाठिंबा जुलै 2023 मध्ये संपला. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी त्यात कोणी बुजवत नाही. ते अजून उघड्या इंटरनेटवर चालू असेल, तर फ्रेमवर्कची चर्चा बाजूला ठेवून आधी ते हलवा. नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत, फाइली असेटस्टोअर या फोल्डरमध्ये आहेत, हँडलचे (नोंदींचे कायमचे) पत्ते तेच राहतात. इंटरफेस बदलल्याने यातलं काहीही हरवत नाही.

आता मराठीबद्दल, ज्याचा त्या संदेशात उल्लेखच नाही. इंग्रजीच्या मापाने केलेल्या थीममध्ये ओळींची उंची कमी असते आणि याद्यांमध्ये रफार, वेलांट्या, उकार कापले जातात. कोणतंही फ्रेमवर्क घ्या, मराठी शीर्षकं भरून ते फोनवर पाहिल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका. डीस्पेसच्या इंटरफेसमधली वाक्यं प्रत्येक भाषेच्या एका फाइलमध्ये असतात. ती सुधारायला अँगुलर यावं लागत नाही. ग्रंथालयशास्त्र शिकलेला, चांगलं मराठी लिहिणारा माणूस पुरे. त्या सुधारणा मूळ प्रकल्पाकडे पाठवल्या की पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळतात. व्हेंडरच्या खासगी इंटरफेसमध्ये केलेलं मराठी करार संपला की त्याच्याबरोबर जातं. कालिना, चर्चगेट, माटुंगा इथल्या ग्रंथालयांनी शब्द वाटून घेतले तर हे काम एका सुट्टीत उरकेल, आणि मी त्यात बसायला तयार आहे.