ॲव्हरेजचं लफडं

नाशिकमध्ये जुनी, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी विलायती गाडी घेऊन बाहेर पडलं की लोक आधी फोटो काढतात आणि मग एकच प्रश्न विचारतात. कोणत्या सालची, कुठून आणली, पार्ट कुठे मिळतात, यातलं काही नाही. ॲव्हरेज किती देते? द्वारकाच्या सिग्नलला रिक्षावाले विचारतात, गंगापूर रोडला सकाळी फिरायला निघालेले काका विचारतात, सोमेश्वरला कणीस भाजणाऱ्या मावशींनीही विचारलंय, आणि एकदा तर मुंबई नाक्याला ट्रॅफिक पोलिसाने बाजूला घेतलं, मी घाबरून लायसन, आरसी, पीयूसी सगळं हातात काढून बसलो, तर त्याने त्यातलं एकही बघितलं नाही, बोनेटवरून एकदा नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "देती किती ओ?"

गाडी एमजी या इंग्लिश कंपनीची एमजीबी आहे, १९६७ ची, हिरवी, आणि मूळची मामांची. मामा पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले, तिथे सोसायटीत एकच पार्किंग मिळालं आणि ते मामींच्या ऑटोमॅटिक गाडीने पटकावलं, म्हणून ही माझ्याकडे आली. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या, म्हणजे तिकडे ही काही फार दुर्मिळ चीज नाही. पण आमच्या सिडकोत एकच आहे. १७९८ सीसीचं इंजिन, ९५ हॉर्सपॉवर, आणि पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला पाजायला एक नाही तर दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर.

सुरुवातीला मी "देते नऊ-दहा" असं सांगून मोकळा व्हायचो. त्यावर समोरच्याचा चेहरा इतका उतरायचा की मलाच त्याचं सांत्वन करावं लागायचं, "नाही हो, रोज नाही काढत." मग तो आपल्या स्प्लेंडरच्या टाकीवर थाप मारून साठ-पासष्ट म्हणायचा आणि जाताना माझ्याकडे असं बघायचा की याच्या घरी कोणी मोठं माणूस नाही का. हे सगळं चाललं असतं असंच, पण एकदा बायको शेजारी बसलेली होती. ती सीएच्या ऑफिसात आहे आणि "नऊ-दहा" हा आकडा तिला सहन होत नाही. "नऊ की दहा? अकरा टक्के फरक आहे त्यात," ती म्हणाली. घरी जाईपर्यंत तिने मोबाइलवर एक्सेलची शीट तयार केली होती.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "अरे मी उभ्या आयुष्यात मोजलं नाही. मोजायचं असतं तर फियाट नसती का घेतली?" हे उत्तर शीटमध्ये भरता येईना.

तर पद्धत तशी सोपी आहे, सगळ्यांना माहिती आहे, टाकी फुल करायची, गाडी चालवायची, परत फुल करायची, गेलेले किलोमीटर भागिले भरलेलं पेट्रोल. यात "टाकी फुल" हा शब्द वाटतो तितका साधा नाही. आपल्या पंपाच्या नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल वर येऊन ते बुजलं की आतली हवा थांबते आणि नोझल खट्‌कन बंद होतं. आधुनिक गाड्यांची टाकी या नोझलचा विचार करून बनवलेली असते. माझ्या गाडीची नळी वाकडी आहे, पेट्रोल आत जाताना फसफसतं, फेस वर येतो आणि टाकी भरायच्या आधीच खट्. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. मग पंपावरचा मुलगा कंटाळून नोझल अर्धवट बाहेर काढतो आणि वर विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" म्हणजे ४,३६२ झाले असतील तर ४,४०० करायला तो एवढंसं आणखी पाजणार, त्यातलं निम्मं बंपरवर. आता हिशोब बघा, पाच लिटर जाळून परत टाकी भरली आणि भरण्यात अर्ध्या लिटरची गडबड झाली तर आकडा दहा टक्क्यांनी गंडला, आणि ही गडबड कमी करायची तर जास्तीत जास्त पेट्रोल जाळून मगच भरायला पाहिजे, टाकी ५४ लिटरच्या आसपासची, पेट्रोल शंभराच्या वर. गाडी किती पिते ते बघायला पाच हजारांचं पाजावं लागतं, हे घरात कोणाला सांगायची सोय नाही, कारण घरात जी विचारणार तीच शीट घेऊन शेजारी बसलेली.

शिवाय पंपाची जमीन उताराची असते, गाडी जरा कलली की टाकीत लिटर-दीड लिटर इकडचं तिकडे होतं, म्हणून दरवेळी तोच पंप, तेच नोझल, तीच जागा. हे पंपावरच्या लोकांना पटवणं महाकर्मकठीण. "तिकडे घ्या ना, तिकडे मोकळं आहे." नाही, मला इथेच पाहिजे. मी खाली उतरून चाक मागच्या वेळी होतं त्याच फरशीवर आहे का बघतोय, बायको मीटरचा फोटो काढतेय, मी नोझलपाशी वाकून फेस खाली बसायची वाट बघतोय. हे सगळं बघून मॅनेजर आतून आला तो हातात सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप घेऊनच. ग्राहकाने मागितलं तर त्या मापात पेट्रोल मोजून दाखवणं पंपाला बंधनकारक असतं, पण मी मागितलं नव्हतं. "साहेब, आमचं माप बरोबर आहे, बघून घ्या," म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "कोणत्या ऑफिसचे तुम्ही?" मी म्हटलं, अहो मी ॲव्हरेज काढतोय. त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बहुतेक अजूनही त्याला मी वजनमापं तपासणारा वैधमापनवालाच वाटतो, कारण तेव्हापासून चहा येतो.

बरं, पेट्रोल एकवेळ मोजता येतं. अंतराचं काय? गाडीचा मीटर मैलांत आहे. मैलाला १.६०९ ने गुणायचं, ठीक आहे, एवढं गणित सातवीत झालंय. पण मूळ मापाचे टायर इथे सहज मिळत नाहीत म्हणून मी १६५/६५ आर १४ टाकलेत, आपल्या छोट्या हॅचबॅकला बसतात ते, त्यांचा घेर मूळ टायरपेक्षा पाच-साडेपाच टक्के कमी, चाक लहान म्हणजे तेवढ्याच रस्त्यात फेरे जास्त, आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. त्याने १०० मैल दाखवले की गाडी खरी ९५ च्या आतच गेलेली असते. इतकी वर्षं गाडी जे नऊ-दहा देत होती त्यातला साधारण अर्धा किलोमीटर हा असा नुसत्या टायरमधून आलेला होता. फोनवर जीपीएस लावून मोजू म्हटलं तर फोन चार्ज करायची सोय नाही, कारण ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे आपल्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला असतं, हिच्यात पॉझिटिव्ह. साधा चार्जर बसवायला गेलं की धूर निघू शकतो. बॅटऱ्याही सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे खाली पुरलेल्या. मग पॉवर बँक बायकोच्या मांडीवर, फोन तिच्या हातात आणि पदर उडू नये म्हणून ओढणीवर आलेली ती, अशी आमची प्रयोगशाळा पाथर्डी फाट्यावरून निघाली.

रस्ता इगतपुरीचा निवडला, त्याला कारण आहे. नाशिक आणि इगतपुरी दोन्ही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे जाताना चढ आणि येताना उतार असली लबाडी नाही. कसारा घाट उतरून ॲव्हरेज काढणारे महाभाग मला माहिती आहेत, त्यांच्या गाड्या वीस-वीस देतात आणि परत कशा येतात ते कोणी विचारत नाही. पण चढ नसला तरी वारा असतो हे विल्होळी सोडल्यावर कळलं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा इगतपुरीकडून असा येतो की टप उघडा ठेवला तर गाडी वाऱ्यालाच ढकलत राहते, आणि बंद केला तर तो फडफडून आतलं बोलणं ऐकू येत नाही. त्यात हिला पाचवा गिअर नाही, वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा ओव्हरड्राइव्ह काही गाड्यांना मिळायचा तो हिच्या नशिबात नाही, त्यामुळे ताशी ८० ला इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या जवळ ओरडत असतं. वाडिवऱ्हेच्या पुढे एक इनोव्हा बराच वेळ आमच्या शेजारून चालली, काच खाली झाली, आतून एक हात बाहेर आला आणि बोटं जुळवून प्रश्नार्थक हलला. मला कळलं काय विचारतोय ते. मी ओरडून सांगितलं, "तेच काढतोय!"

हायवेला आकडा आला अकराच्या जवळ. मी खुश. शहरात सीबीएस, अशोक स्तंभ, द्वारका असं फिरून आला साडेसात. कारण सिग्नलला बंद केली तर परत चालू होण्याची खात्री नाही, म्हणून चालूच ठेवायची, आणि हिरवा लागला तरी पुढचा बाइकवाला सेल्फी पूर्ण झाल्याशिवाय हलत नाही. कंपन्यांच्या गाड्यांचे आकडे चाचणीकेंद्रात रोलरवर गाडी चालवून निघतात, ठरलेला वेग, ठरलेले थांबे, जास्तीत जास्त ताशी ९०. तिथे कोणी बोनेटला टेकून फोटो काढत नाही.

हिवाळ्यात आणखी वेगळं. निफाडकडे पारा घसरला की आमच्याकडेही सकाळी हात गारठतात, आणि मग चोक ओढून ठेवावा लागतो. चोक म्हणजे एसयूमध्ये खालचा जेट, ज्यातून पेट्रोल वर येतं तो, खाली सरकतो आणि पेट्रोल जास्त जातं. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर जे पेट्रोल जातं त्यात स्प्लेंडरवाला सिन्नरला जाऊन येईल.

आणि इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, आहेच. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे सहा-सात टक्के जोर पंपावरच गेला. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते बघून घेतो. माझ्याकडे पेट्रोलचं प्रमाण ठरवायला दोन सुया आणि दोन जेट, ते १९६७ च्या पेट्रोलच्या हिशोबाने बसलेत, त्यांना हे मिश्रण पातळ पडतं. जुने रबरी पाइपही त्याने फुगतात, ते सगळे बदलून घेतले. गाडी दारू प्यायला लागली म्हणून तक्रार करायला नाशिककराने तोंड कुठे घेऊन जायचं हा प्रश्न आहेच.

म्हणून गाडी मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री एसयूवाले आहेत, रबराच्या नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानात घालून दोन्हीकडची हवा सारखी ओढली जातेय का ते ऐकतात. प्लग काढून उन्हात धरतात, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, बिस्किटी रंग आला तर बरोबर. माझे काळे होते. "मीच ठेवलीय जरा रिच," ते म्हणाले, "इंजिन थंड राहतं, पिकअप सुटतो. ॲव्हरेज पाहिजे का पिकअप पाहिजे ते सांगा." बायको म्हणाली, आकडा पाहिजे. मग त्यांनी खाली वाकून बघितलं, मागच्या कार्बोरेटरची फ्लोटची सुई अधूनमधून अडकत होती आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल थेंब थेंब रस्त्यावर. बायकोने लगेच विचारलं की रस्त्याने प्यायलेलं पेट्रोल गाडीच्या खात्यात धरायचं का वेगळं दाखवायचं. मिस्त्रींनी एवढ्या वर्षांत हा प्रश्न ऐकला नव्हता. त्यांनी चहा सांगितला.

सुई बदलली. ती विलायतेहून आली, सुईपेक्षा टपालखर्च जास्त आणि वर कस्टम ड्युटी, त्या पैशात महिनाभर पेट्रोल टाकून झालं असतं, पण सुई केवढ्याला पडली हे मला आजवर एकाही रिक्षावाल्याने विचारलेलं नाही. पेट्रोल हा या गाडीचा सगळ्यात स्वस्त खर्च आहे आणि सगळं नाशिक त्याच्याच मागे लागलंय.

दुरुस्तीनंतर आकडा सुधारला, आणि तिथे बायकोने शेवटची खोच काढली. मोजायचं असलं की माझा पाय हलका पडतो, लांबून सिग्नल लाल दिसला की मी ॲक्सिलरेटर सोडून देतो, ओव्हरटेक करत नाही, ट्रॅक्टरमागे शहाण्यासारखा चालतो. शीट नसली की हेच सगळं उलटं. "हे तुझं ॲव्हरेज आहे, गाडीचं नाही," ती म्हणाली, आणि शीटमध्ये माझ्या नावाचा वेगळा कॉलम केला.

त्या दिवशी पंपावर त्याच फरशीवर उभे होतो. टाकी भरून झाली, तिने हिशोब करून मान वर केली आणि जमलेल्या लोकांना जाहीर केलं, "नऊ पॉइंट चार. शहर आणि हायवे मिळून. टायरचं करेक्शन धरून." क्षणभर कोणी बोललं नाही. मग नोझलवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, सीएनजी बसवून घ्या." रिक्षावाल्याने डिकी उघडायला लावली, आत स्टेपनी, सिलेंडर काही मावणार नव्हता. मॅनेजर माप बाजूला ठेवून आला, त्याने वीत टाकून इकडून तिकडून मोजलं, सगळ्यांनी थोडी चर्चा केली आणि एकमताने ठरलं की डावीकडची सीट काढली तर आरामात बसतो. मी त्या सीटवर बसलेल्या बायकोकडे बघितलं.

"काढा की," ती शीट सेव्ह करत म्हणाली, "मी स्कूटरवर जाईन. ती पंचेचाळीस देते."