भिशी, काकू आणि डायबेटिस: एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक एमडी' यांस,

डायबेटिसच्या पेशंटना एकेकटं न तपासता गटात एकत्र बसवून चालणाऱ्या ओपीडीवरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. उत्तर देत बसू नकोस, असं मुलगा म्हणाला. पण तुमचं एक वाक्य काही डोक्यातून जात नाही: "डायबेटिसचा उपचार म्हणजे भिशी मंडळ नव्हे, हे काकूंना कोणीतरी समजवा."

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. ज्याच्या अभ्यासाचा दाखला मी लेखात दिला होता, त्या इटलीतल्या टुरिनच्या दवाखान्यात एका गटात नऊ-दहा माणसं असत, मी 'पंधरा-वीस' लिहिलं होतं. चूक माझी. दुरुस्त केली आहे, आभार.

आता 'काकू'. लेखात मी माझं वय कुठेही लिहिलेलं नाही. मग काकू आल्या कुठून? साबुदाण्यावर लिहिलं म्हणून? हेच एखाद्या निवृत्त इंजिनिअरने लिहिलं असतं तर तुम्ही त्यांना 'काका' म्हणून गप्प केलं असतं का? पेशंटने अभ्यासातला आकडा काढला की काही डॉक्टरांना इतकं का झोंबतं, हे मला चौदा वर्षांत उमगलेलं नाही.

चौदा वर्षं म्हणते, कारण तेवढी वर्षं ही साखर माझ्या रक्तात आहे, तुमच्या नाही. (नसावी, अशी सदिच्छा.) त्यातली पहिली नऊ एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत गेली. सकाळी उपाशीपोटी रक्त, नाश्ता करून दोन तासांनी पुन्हा रक्त, मग नंबरची वाट. आत तीन मिनिटं. "गोड बंद, चाला, वजन उतरवा," आणि गोळी वाढवलेली. नऊ वर्षांत माझ्या पायांकडे कुणी एकदाही पाहिलं नाही. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) ९.२ झालं तेव्हा "तुम्ही पथ्यच पाळत नाही" एवढं ऐकून घरी आले, रडले आणि पुढची तारीख चुकवली. मग त्याच्या पुढचीही.

नंतर एका लहान दवाखान्यात गट सापडला. दर तीन महिन्यांनी दहाजण, वरच्या मजल्यावर, सतरंजीवर. पहिल्याच बैठकीत एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरनी सांगून टाकलं की सहा महिने ते मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी बंद करून जांभळाच्या बियांची पूड घेतायत. डॉक्टरांना एकट्यात कधी बोलले नव्हते. आम्हाला सांगितलं, आणि डॉक्टर शेजारीच बसले होते! एकादशीला कुणी खिचडी, कुणी भगर खाऊन दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजायची, असं ठरलं. ते आकडे इथे देत नाही, तुम्ही लगेच 'हा काय अभ्यास झाला का' म्हणाल. माझ्या खिचडीची वाटी मात्र तेव्हापासून लहान झाली ती झालीच. चपला काढायला लावून स्पर्श कळतो का ते बघायला सगळ्यांच्या तळपायांना नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला. डाव्या अंगठ्याला दोरा लागलेला मला कळतच नव्हता. हे नऊ वर्षांनंतर, डॉक्टरसाहेब.

तर भिशी. तुम्ही कधी भिशीत बसला आहात का? बाई तिथे पावसात जाते, पाहुणे टाकून जाते, कारण बाकीच्या अकराजणी खोळंबलेल्या असतात आणि न गेलं तर फोन करतात. मी तारखा चुकवल्या तेव्हा रुग्णालयातून मला कुणाचा फोन आला नव्हता. कंडक्टरसाहेबांचा मात्र येतो, "ताई, रिपोर्ट काढलात का?" माझं एचबीएवनसी आज ७.४ आहे, ते या फोनमुळे. तुम्ही हिणवायला शब्द शोधलात आणि नेमका दुखण्यावरच बोट ठेवलंत, फक्त तुम्हाला ते कळलं नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. "५६ इटालियनांवरून निष्कर्ष": टुरिनच्या त्या अभ्यासात ५६ जण गटात होते आणि ५६ नेहमीच्या पद्धतीत. पाच वर्षांत नेहमीच्या पद्धतीतल्यांचं एचबीएवनसी १.७ ने चढलं, गटातल्यांचं ०.१ ने. पुढे इटलीतच १३ केंद्रांत ८१५ जणांवर चार वर्षं तेच करून पाहिलं आणि तिथेही गटच सरस ठरला. २०१० साली ते छापून आलं आहे, शोधा. ब्रिटनच्या 'डेस्मंड' या डायबेटिस पेशंटच्या गट-शिकवणीच्या अभ्यासात वर्षभराने एचबीएवनसीत फरक दिसला नाही, हे खरं. पण ती निदानानंतर एकदाच दिलेली सहा तासांची शिकवणी होती, दर तीन महिन्यांची ओपीडी नव्हे. खासगीपणाचं म्हणाल तर बैठकीनंतर ज्याला हवं त्याला डॉक्टर एकट्याने भेटतात, टुरिनमध्येही भेटत. आणि एवढे कर्मचारी कुठून आणायचे, हे मला कशाला विचारता? मी आरोग्यमंत्री नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा पदवीऐवजी नाव लिहा. आमच्या भिशीत सोळा वर्षांत एकीचाही हप्ता चुकलेला नाही. तुमच्या ओपीडीतले किती पेशंट दिलेल्या तारखेला परत येतात, ते एकदा रजिस्टर काढून मोजा आणि इथेच खाली कळवा.